आवाज येतोय का?

"मामा, ह्याची वायर तुमच्या त्या मशीनला कुठे लावायची?" लॅपटॉप टेबलावर ठेवत गाण्याच्या बाईंच्या लेकीनं विचारलं. हॅलोमामा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. प्रश्न त्यांना कळला होता, पण तो कानांपेक्षा ओठांवरून कळला होता.

"राहू द्या, मी लावतो," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं हेच करतोय."

हे वाक्य अलीकडे त्यांच्या तोंडून फार यायला लागलं होतं. सभागृहाचे माइक तपासताना रोज सकाळी 'हॅलो, हॅलो' करणारे म्हणून ते हॅलोमामा. खरं नाव आता पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं. माइक आणि गाण्यांचा आवाज जुळवणारा त्यांचा जुना मिक्सर दोन महिन्यांपूर्वी अडगळीच्या खोलीत गेला आणि मॅनेजरनी त्या जागी हा डीजे मिक्सर आणून बसवला, कारण हल्ली नाचाचेच कार्यक्रम जास्त. त्याला दिवेच इतके, की मामांना तो सतत डोळे वटारून बसलाय असं वाटे. "झेपत नसेल तर सांगा हं मामा, नवा माणूस बघू," असं मॅनेजर हसत हसत म्हणाले होते. मामाही हसले होते, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

पण मिक्सरची भीती वरवरची. खरी भीती सहा महिन्यांपूर्वी कानाच्या डॉक्टरनी घातली होती. "आधी बारीक आवाज जातील," डॉक्टर म्हणाले होते, "बायकांचे, लहान मुलांचे. मग हळूहळू बाकीचे." मामांनी तो कागद चार घड्या घालून पाकिटात कोंबला आणि घरी सांगितलं, कानात मळ होता, काढला. बायको म्हणाली, "तरीच!" पण अजूनही त्या बिचारीला तेच तेच दोनदा बोलावं लागे.

आज दुपारचा कार्यक्रम होता गाण्याच्या बाईंच्या सत्काराचा. चाळीस वर्षं त्यांनी मुलींना गाणं शिकवलं. वर्षापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लेकीनं त्यांचं एक गाणं नीट रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते लॅपटॉपमध्ये होतं. विद्यार्थिनींना आज तेच ऐकायचं होतं, आणि बाईंनी स्वतः ते अजून एकदाही ऐकलं नव्हतं.

"घरी लावू द्यायची नाही ती," लेक म्हणाली. "म्हणजे लिहून सांगायची, नको. आज पहिल्यांदा हो म्हणालीय. मामा, नीट वाजेल ना?"

"वाजेल की! न वाजायला काय झालं?"

लेक आईला गाडीतून उतरवून घ्यायला गेली. मामांनी वायरींचा खोका उपसला. लाल-पांढऱ्या दोन तोंडांची वायर हवी होती, तीच नेमकी नाचवाल्यांपैकी कुणीतरी नेलेली. राहिली ती त्यांची जुनी वायर. एक टोक बारीक, लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकात जाणारं. दुसऱ्या टोकाला जाडा जॅक. जुन्या मिक्सरला हीच चालायची. डीजे मिक्सरवर एकच भोक असं होतं, ज्यात हा जाडा जॅक बसेल, आणि त्यावर माइकचं चित्र होतं. ओळखीचं माणूस भेटावं तसे मामा त्या चित्राकडे वळले. जॅक खटकन बसला.

गाणं लावलं. व्हायोलिन सुरू झालं, मागे पियानो. मिक्सरवरचे हिरवे दिवे वर-खाली नाचू लागले. मामा वाट बघत राहिले. व्हायोलिन थांबलं, म्हणजे आता गाणं सुरू व्हायला हवं. पियानो चालूच होता. बाईंचा आवाज काही आला नाही.

मामांनी बटण वर सरकवलं. पियानो मोठा झाला, आवाज नाहीच.

गेला, ते मनात म्हणाले, बारीक आवाज गेला. डॉक्टरनी सांगितलं होतं ते इतक्या लवकर, इथे उभं असताना होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. समोर झाडूवाल्या मावशी खुर्च्या पुसत होत्या. "मावशी, गाणं ऐकू येतंय का?" एवढंच विचारायचं होतं. पण मावशी "येतंय की! किती गोड!" असं म्हणाल्या तर? मामांनी गाणं बंद केलं.

"झालं का चेक?" मॅनेजरनी दारातून हातानं खूण करत विचारलं.

"झालं," मामा म्हणाले.

तीन वाजता सभागृह भरलं. दोनशे जणी तरी असतील, काही तर आता स्वतः आज्या झालेल्या. बाई पहिल्या रांगेत कडेला बसल्या, मामांच्या टेबलापासून चार हातांवर. गळ्याभोवती रुमाल, मांडीवर वही, वहीला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. भाषणं झाली. मामांना त्यातलं निम्मं कळलं, निम्म्यावर त्यांनी मान डोलावली. मग लेकीनं त्यांच्याकडे बघून खूण केली.

त्यांनी गाणं लावलं.

व्हायोलिन सुरू झालं तशी बाईंनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ताल धरला. व्हायोलिन संपलं. पियानो एकटाच पुढे चालला. मामांनी जीव मुठीत धरून बाईंच्या हाताकडे पाहिलं.

हात थांबला.

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग मामांकडे. बाईंना भरून आलं म्हणून हात थांबला असेल. किंवा आवाज खरंच येत नसेल. गाणं मध्येच बंद केलं आणि सगळ्यांना ते ऐकू येत असलं, तर आजच्या आज सगळ्या गावाला कळणार, हॅलोमामा बहिरे झाले. आणि नाही बंद केलं, तर ह्या बाईंचा आवाज दुसऱ्यांदा जाणार, तो आपल्या हातून.

मामांनी गाणं थांबवलं. माइक हातात घेतला.

"मला बाईंचा आवाज ऐकू येत नाहीये," ते म्हणाले. "तुम्हाला येतोय का?"

"नाही!" सगळं सभागृह एकदम ओरडलं.

ते मात्र मामांना लख्ख ऐकू आलं. त्यांना हसूच फुटायचं बाकी होतं. कुणालाच येत नाही! म्हणजे कान शाबूत, चूक जॅकची! आणि मग उमेदवारीच्या काळात माइकवाल्या उस्तादानं कान पिळून शिकवलेलं आठवलं. गाण्याची डाव्या आणि उजव्या स्पीकरची बाजू एकाच माइकच्या भोकात घातली, की दोघी एकमेकींना खोडतात. कडेची वाद्यं उरतात आणि दोन्हींत सारखाच असलेला, मधोमधचा गळा नाहीसा होतो. उपायही त्यानंच दाखवला होता. जॅक अर्धा बाहेर ओढायचा, म्हणजे एकच बाजू आत जाते. फक्त तो तसा राहत नाही, धरून ठेवावा लागतो.

मामांनी गाणं पहिल्यापासून लावलं आणि दोन बोटांच्या चिमटीत जॅक अर्धा बाहेर ओढून धरला. व्हायोलिन वाजलं, थांबलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. "आता येतोय का?" त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एकीनं तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मागच्या रांगांत पदर, रुमाल, ओढण्या डोळ्यांना लागल्या होत्या. बाईंचा हात ताल देत होता.

मामांनी मान पुढे केली, श्वास रोखला. पियानो होता. पियानोच्या मागे, बंद दाराआड कुणी गुणगुणावं तसं काहीतरी होतं, किंवा नव्हतंही. एकही शब्द कळला नाही.

बोटं आखडली, मनगटात कळ गेली, पण त्यांनी जॅक हलू दिला नाही. गाणं केव्हा संपलं तेही त्यांना बाईंचा हात थांबला तेव्हा कळलं.

टाळ्या, हार, फोटो सगळं उरकल्यावर लेकीनं येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. मॅनेजरनी पाठीवर थाप मारली, "मामा, मानलं तुम्हाला!" मामा हसले. सगळे चहाकडे पांगले, तशा बाई उठून टेबलाशी आल्या. त्यांनी वही उघडली, लिहिलं आणि मामांसमोर धरली.

'किती दिवस झाले?'

"कशाला किती दिवस?" मामा म्हणाले. बाई नुसत्या बघत राहिल्या. मग सवयीनंच त्यांनी पेन्सिल मामांपुढे केली, आणि बोलता येत असूनही मामांनी ती घेतली. लिहिताना अक्षर वाकडंतिकडं झालं.

'सहा महिने. घरी सांगितलं नाही.'

बाईंनी वाचलं. चूक दाखवताना ओढतात तशा 'घरी' ह्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या, पान फाडलं आणि त्यांच्या हातात दिलं. मामांनी ते खिशात ठेवलं आणि खाली वाकून वायरी गुंडाळायला घेतल्या.