दादांचा कोंबडा

राजूरहून निघालेली जीप वाडीच्या पायथ्याशी थांबली, तेव्हा छबूबाई डोक्यावर हंडा घेऊन चढत होती. एकटीच उतरलेल्या सत्यशीलाला तिने लगेच ओळखलं. दर वर्षी भात कापून झालं की तिचा नवरा सूर्यभान छबूबाईच्या घरी मुक्कामाला यायचा आणि मोबाईलमध्ये बायकोचा फोटो दाखवायचा.

"वयनी! दादा मागं ऱ्हायले का? दम लागाया लागला व्हय म्हाताऱ्याला?"

सत्यशीला दादांबद्दलच सांगायला आली होती. सूर्यभान श्रावणात गेला. या घराला ती बातमी फोनवर द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. ओसरीवर टेकताच तिने तोंड उघडलं.

"आधी पानी घ्या. आमच्या घरात पाव्हना जेवल्याबिगर खबर इचारत न्हाईत," छबूबाई म्हणाली आणि नवऱ्याला हाक मारली, "अवं, दादांचा कोंबडा धरा!"

सूर्यभानच्या नावाने पोसलेला तांबडा कोंबडा कुडावर बसला होता. बन्सी त्याच्यामागे धावला. "लई माजलाय! ये रं, तुझा धनी आला!"

थांबवायला दोन शब्द पुरले असते. पण नगरच्या घरात सूर्यभानच्या फोटोला हार होता, आणि इथे तो अजून खालच्या वाटेवर होता, पिशवी सावरत, धापा टाकत चढत होता. सत्यशीला त्या वाटेकडे बघत राहिली. कोंबडा ओरडला आणि मग ओरडायचा थांबला.

दिवेलागणीला छबूबाईने ओसरीवर दोन अंथरुणं घातली. नागलीची भाकरी आणि रस्सा वाढला. कलेजी मात्र वाटीत काढून झाकली. "ही दादांची. तुमाला न्हाई मिळायची."

सत्यशीलाने हातातला घास ताटात ठेवला.

"छबूताई, ते येणार नाहीत. श्रावणातच गेले."

बन्सीचा हात ताटातच राहिला. मग तो ताट घेऊन बाहेर गेला, तो आत आलाच नाही.

"आन् तुमी कोंबडा कापू दिला?" छबूबाई म्हणाली. "त्यांच्या मरनाच्या खबरीवर आमी हसत कोंबडा कापला, वयनी."

"मला ते अजून थोडा वेळ वाटेवर हवे होते."

छबूबाईने चुलीवर पाणी मारलं. रस्सा बाहेर नेऊन ओतला. वाटी तिच्याने टाकवेना. ती तशीच झाकलेली राहिली. दुसरं अंथरूण गुंडाळायला ती वाकली आणि त्यावरच आडवी झाली.

"दादा भिंतीकडं निजायचे," शेजारी येऊन पडलेल्या सत्यशीलाला ती म्हणाली. "तुमी तिकडं सरका."