स्कीपेक्षा स्वस्त

घर बदलणाऱ्यांचं सामान बांधून द्यायचा त्याचा धंदा. हाताखालची माणसं आधी त्याच्या पाठीमागे त्याला 'ठासू' म्हणायची, मग पुढ्यातही म्हणायला लागली, कारण नाव त्याला मनापासून आवडलं होतं. तीन फेऱ्यांचं सामान दोन फेऱ्यांत बसवणारा माणूस! कपाटात खुर्ची, खुर्चीत टोपली, टोपलीत घड्याळ, आणि घड्याळाला धक्का लागू नये म्हणून भोवती घरमालकाचे पायमोजे. कुठे वीतभर जागा रिकामी दिसली की ह्याच्या पोटात दुखायचं. गिऱ्हाईक वाहवा करायचं आणि हा म्हणायचा, "जागा फुकट असते साहेब, वाया घालवायची नसते."

अशाच एका गिऱ्हाइकानं घर सोडताना त्याला स्की देऊन टाकल्या. बर्फावरून घसरायच्या त्या लांबलचक पट्ट्या, सोबत दोन काठ्या आणि दगडासारखे जड बूट. ठासूची लेक शाळेच्या संघातून स्की शिकत होती, पण इतके दिवस भाड्याच्या स्कीवर. ह्या स्की तिला अगदी मापात बसल्या. पोरगी दिवाणखान्यात बूट घालून खडखड चालत फिरली आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन भांडून गेले. त्यातच तिची शर्यतीसाठी निवड झाली. शर्यत दूर डोंगरात. ठासू म्हणाला, सगळेच जाऊ, विमानानं जाऊ, तिकिटं स्वस्त लागली आहेत.

तिकिटं स्वस्त होती, अगदी हसू येईल इतकी. पण स्वस्तातल्या विमान कंपनीचा कारभार तुम्हाला ठाऊक असेलच. बसायची जागा निवडली, पैसे. पाणी मागितलं, पैसे. उद्या मोठ्यानं श्वास घेतला तरी लावतील. ठासूनं दरपत्रकातल्या 'क्रीडासाहित्य' ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि आकडा बघून त्याचे डोळेच पांढरे झाले. स्की न्यायचे पैसे एका माणसाच्या तिकिटापेक्षा जास्त!

"म्हणजे माणसापेक्षा लाकडं महाग?" तो बायकोला म्हणाला. "हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड!"

"भरून टाका ना," बायको म्हणाली. "एकदाच तर जातोय."

पण भरून टाकेल तो ठासू कसला! त्यानं चष्मा लावून कंपनीचे सगळे नियम वाचून काढले, आणि तळाशी त्याला हवं ते सापडलं. चालायला त्रास होणाऱ्या प्रवाशाचं मदतीचं साहित्य कंपनी फुकट नेते. वॉकर, कुबड्या, काय असेल ते. वॉकर म्हणजे काय, चार पायांचा सांगाडा. घडी घालून त्याच्या पोटात स्की सरकवल्या, वरून गादीसारखं कापड गुंडाळलं, टेप मारली, की झालं काम. फक्त चालायला त्रास होणारं एक माणूस पाहिजे. आणि त्या माणसाचं तिकीट धरूनसुद्धा स्कीच्या पैशांपेक्षा कमीच पडत होतं.

असं माणूस त्याच्याकडे होतं. आई.

आई दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटी राहायची. काठी टेकत का होईना, बाजारहाट स्वतः करायची. ठासू रविवारी जायचा, दारातच चपला अर्धवट काढून उभा राहायचा, बरी आहेस ना विचारायचा, आणि खाली टेम्पो उभा आहे म्हणून निघायचा. तिला त्यानं आजवर कुठे म्हणजे कुठे नेलं नव्हतं. नेऊ म्हणायचा, पण पुढच्या वर्षी.

त्या रविवारी तो चपला काढून आत जाऊन बसला. आई शेंगा सोलत होती.

"आई, बर्फ बघायला येतेस का?"

"कोण, मी?" तिनं मागे वळून पाहिलं, जणू खोलीत आणखी कुणी असावं. "मला कशाला रे? माझी अडचणच व्हायची तुम्हाला."

"अडचण कसली? तू पाहिजेसच. तुझ्याशिवाय जमायचंच नाही."

ह्यात एक शब्दही खोटा नव्हता, आणि लबाडी काय ती हीच. आईचा चेहरा असा उजळला की ठासूला तिच्याकडे बघवेना. त्यानं शेंगांच्या टोपलीत हात घातला आणि उगाच दोन शेंगा सोलल्या.

मग काय, आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं. शेजारणीला, टपालवाल्याला, औषधाच्या दुकानदाराला. "मुलगा बर्फ दाखवायला नेतोय. नको म्हटलं तर ऐकतच नाही!" नवीन लोकरी मोजे आणले, आणि ते घट्ट होतात की काय म्हणून घरात घालून बघितले. ठासूनं एक वॉकर मागून आणला, तेव्हा तर तिचे डोळेच भरून आले. "विमानतळ फार मोठा असतो, तुला त्रास नको," एवढंच तो म्हणाला होता. औषधवाल्यानं त्याला भर दुकानात हात जोडले. "असा मुलगा नशीब लागतं मिळायला." ठासूनं "अहो, कर्तव्यच आहे" म्हटलं खरं, पण बाहेर आल्यावर त्याला कसंसंच झालं. खोटी नोट खपवून आल्यावर वाटेल तसं.

"आईंना खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली. "त्या नाही म्हणायच्या नाहीत. उलट हसतील."

"सांगतो की."

"आज सांगा."

"सांगतो म्हटलं ना!"

सांगितलं नाही. एकदा तिच्या दारापर्यंत जाऊन आला. ती शेजारणीला विचारत होती, बर्फ पडताना आवाज होतो का हो? तो तसाच खाली उतरला.

जायचा दिवस उजाडला. विमानतळावर ठासूनं आईसाठी चाकाची खुर्ची मागवली. आई आधी लाजली, मग ऐटीत बसली, मांडीवर काठी आडवी ठेवून. लेक ढकलत होती. मागे ठासू, खांद्यावर ते लांबोडकं गाठोडं. गाठोडं बांधलं होतं मात्र फर्मास. कुठे फट नाही, कुठे सैल नाही.

खिडकीवरच्या मुलीनं ओळखपत्रं बघितली, आईकडे बघून हसली, आणि गाठोड्याकडे बघायची थांबेचना.

"हे काय आहे?"

"वॉकर," ठासू म्हणाला. "आईचा."

"इतका लांब?"

"आमची आई उंच आहे," तो म्हणाला. आई खुर्चीत बसूनसुद्धा बुटकी दिसत होती. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"उघडून दाखवता का जरा?"

आणि मग ठासूच्या आयुष्यात प्रथमच त्याची कला त्याच्यावर उलटली. टेपचं टोक सापडेना. सापडलं तर निघेना. नखांनी ओरबाडून एक थर काढला, तर खाली दुसरा. बुडबुड्यांचा कागद फटफट फुटत होता. मागे रांग वाढत होती, आणि सगळी रांग बघत होती. बायको जमिनीकडे बघत उभी. त्याच्या कपाळावरचा घाम टेपवर पडायला लागला, तेव्हा कुठे गादीचं कापड सुटलं, आणि वॉकरच्या चार पायांमधून स्कीची दोन रंगीत टोकं बाहेर आली.

"ह्या स्की आहेत," मुलगी म्हणाली.

ठासू सुटलेलं कापड पुन्हा टोकांवर ओढायला लागला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"माझ्या आहेत त्या."

सगळ्यांनी खाली बघितलं. आई ताठ बसली होती.

"आजी, तुम्ही स्कीइंग करता?"

"शिकणार आहे. शिकायला वय आड येतं का? पडलेच तर वॉकर आहेच बरोबर."

अख्खी रांग हसली. खिडकीवरची मुलगीसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून. आईनं ठासूकडे बघून एक डोळा हळूच मिटला. तिला मजा वाटत होती हो! मुलानं नातीसाठी काहीतरी चलाखी केली आहे आणि आपण त्याला सांभाळून घेतोय, इतकंच तिला कळलं होतं. तिथेच ठासूनं गप्प बसून पैसे भरले असते, तर घरी जाऊन वर्षानुवर्षं हसत सांगायची गोष्ट झाली असती.

"आजी, मला तुम्हाला सोडायला आवडलं असतं," मुलगी म्हणाली, "पण स्कीचे पैसे भरावेच लागतील. आणि इथे खिडकीवर दर जास्त आहे." तिनं आकडा सांगितला.

आधीच लाज, त्यात तो आकडा. ठासूचं डोकंच फिरलं.

"काय लूट लावलीय!" तो ओरडला. "अहो, एवढ्यात आईची दोन तिकिटं आली असती! स्कीपेक्षा तिचं तिकीट स्वस्त पडत होतं म्हणून तर तिला आणली! नाहीतर कशाला आणलं असतं मी?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. शब्द बाहेर पडले आणि त्याला ऐकू आले, इतरांना ऐकू आले तसेच.

कुणी हसलं नाही. "बाबा!" लेक म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. बायकोनं पदराचं टोक तोंडाशी नेलं. खिडकीवरच्या मुलीनं ठासूकडे बघणंच सोडून दिलं. तिनं मुकाट्यानं त्याचं कार्ड घेतलं, पैसे कापले, पावती त्याच्या हातात न देता फळीवर ठेवली. मग वाकून अगदी मऊ आवाजात आईला म्हणाली, "आजी, तुम्हाला पुढची खिडकीची जागा देऊ? पैसे नाही पडणार."

"थांब जरा बाई," आई म्हणाली. "मी जाते की नाही, ते आधी ठरू दे."

ठासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं खुर्ची ढकलत एका खांबापाशी नेली. बायको लेकीला घेऊन स्की मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर टाकायला गेली. तिला जायची घाई नव्हती, ती मुद्दाम गेली.

तो आईच्या समोर उकिडवा बसला. तिच्या तोंडाकडे बघायची छाती होईना, म्हणून तिच्या पायांकडे बघत बसला.

"आई, चुकलं माझं. रागाच्या भरात काहीतरी बोलून गेलो."

"खोटं बोललास का?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

"नाही ना? मग झालं तर," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि त्यात वाईट काय रे? पोरीच्या स्की न्यायच्या होत्या, माझ्यामुळे स्वस्तात जात होत्या. मला सांगितलं असतंस, तर मी आणखी लंगडत आले असते. सांगितलं का नाहीस?"

ह्याचं उत्तर ठासूला माहीत होतं. 'बर्फ बघायला येतेस का' म्हटल्यावर तिचा जो चेहरा झाला होता, तो त्याला फुकटात मिळाला होता. गल्लीनं केलेलं कौतुकही फुकटात. आणि फुकट मिळालेलं सोडून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. इतकी साधी गोष्ट. पण ती त्याला आज, पन्नाशीला, तिच्यासमोर उकिडवं बसल्यावर कळत होती, आणि लाजेनं कानांच्या पाळ्या जळत होत्या.

आईनं काठी जमिनीला टेकवली.

"आता पैसे तर भरून झाले," ती म्हणाली. "म्हणजे माझं काम काही राहिलं नाही. मी घरी गेले तर चालेल ना? बाहेर बस उभी असते. येताना बघितलीय मी."

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. उगाच कुणाच्या पायात पायात नको, म्हणून.

"नाही गं आई!" ठासूनं तिचे दोन्ही हात धरले. त्याला रडू येत होतं आणि आजूबाजूनं माणसं बॅगा ओढत जात होती, पण आता त्याला कुणाचीच फिकीर नव्हती. "जाऊ नकोस. तू चल. मला तुला बर्फ दाखवायचाय. खरंच दाखवायचाय. देवाशपथ!"

इतकं खरं तो पुष्कळ दिवसांत बोलला नव्हता.

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग एक हात सोडवून घेऊन त्याच्या केसांवरून फिरवला.

"बरं हं," ती म्हणाली.

लहानपणी तो काही थाप मारायचा, तेव्हा ती असंच "बरं हं" म्हणायची, आणि पुढे काही विचारायची नाही.