उलटा हत्ती

मित्रांनो, मी बुद्धिबळातला एक काळा, म्हातारा हत्ती आहे. नावाने हत्ती, रूपाने बुरूज. माझ्या डोक्यावरचे कंगोरे मात्र पार झिजून गेले आहेत. ते कसे झिजले, हीच माझी कथा.

कामरेजच्या एका सुताराने मला सागाच्या तुकड्यातून घडवले. डिंडोलीच्या बुद्धिबळ क्लबासाठी दिलीप सरांनी आमचा संच आणला. सर शाळेत शिक्षक. कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणाऱ्या माणसांना त्यांनी हा खेळ शिकवला, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मान देतो. ते सांगत, "प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि आपला वजीर पटावरच असला, तर मेलेला हत्ती उलटा ठेवायचा. तोच दुसरा वजीर." बावीस वर्षे मी असा डोक्यावर उभा राहिलो. "आला रे, शीर्षासनवाला!" क्लबातला जुना खेळाडू हिलाल ओरडायचा आणि सगळे हसायचे. डोके झिजवून मिळालेला तो मान मला फार प्रिय होता.

निंबा लूमचा कारागीर. अकरा वर्षे तो संघात राखीव होता. म्हणजे पट मांडायचा, चहा सांगायचा आणि इतरांचे डाव उभ्याने पाहायचा. मग एका वर्षी चौथ्या पटावरच्या सुमितची बदली झाली आणि पर्वत पाटियाच्या क्लबाविरुद्ध चौथा पट निंबाला मिळाला. "आज जिंकलास तर ही जागा कायमची तुझी," सर म्हणाले. कामाच्या पाळीचा खाडा करून, इस्त्रीचा सदरा घालून तो आला.

संध्याकाळी तीन पट संपले तेव्हा गुण दीड-दीड होते. उरला निंबाचा डाव. समोरचा भूपेंद्र पुढच्याच खेळीत त्याच्यावर मात करणार होता. पण निंबाचे प्यादे आधी पोचले. त्याने मला उचलले, उलटे ठेवले, घड्याळ दाबले आणि हलकेच म्हणाला, "मात."

"शेनी मात? कसली मात?" भूपेंद्र हसला. "शीर्षासन केलं म्हणून हत्तीचा वजीर होतो काय, भाई? मॅडम, जुओ ने, बघा हे!"

पंच शैलजा मॅडम आल्या. "उलटा ठेवला तरी नियमाने तो हत्तीच. वजीर हवा होता तर घड्याळ थांबवून मागायचा." नियम खरोखरच तसा आहे. त्यांच्यावर माझा राग नाही.

"पण मॅडम, आमच्याकडे असंच चालतं." निंबा सरांकडे वळला आणि घरच्या बोलीवर आला. "सर, तुम्हीच सांगा ना त्यास्ले. तुम्हीच शिकाडं ना माले?"

सरांनी पाहुण्या संघाकडे पाहिले. चष्मा पुसला. पुष्कळ वाचलेला माणूस. वाक्य अगदी शुद्ध आले. "असा प्रघात आमच्या क्लबात नाही. निंबा, नियम वाचत जा."

हिलालने सरांकडे पाहिले आणि चहाचे कप गोळा करायला घेतले. बावीस वर्षांचा पुरावा माझ्या डोक्यावर होता. पण मी उलटा, आणि माझे डोके पटाला टेकलेले.

निंबाने स्वतःच मला सुलटे केले. सुताने चिरलेल्या बोटांनी त्याने मला अलगद ठेवले, आपटले नाही. हत्ती म्हणून माझा नुसता शह होता. भूपेंद्रचा राजा तिरका निसटला आणि तिसऱ्या खेळीला निंबावर मात झाली. त्याने हात मिळवला, सोंगट्या रंगवार पेटीत भरल्या, सरांना वाकून नमस्कार केला आणि गेला. तो पुन्हा आला नाही.

आता क्लबात प्लास्टिकचे संच आहेत. प्रत्येक रंगाचे दोन-दोन वजीर. सरांनी मुद्दाम पाहून आणलेले. सदसद्विवेक असा संचातच मिळू लागला, हे बरेच झाले.

मित्रांनो, आम्हां लाकडी सोंगट्यांना अधूनमधून तेलाचे बोट लावा, ओल लागू देऊ नका. तेवढे जमले नाही तरी चालेल. पण तुमच्याकडून शिकलेला कुणी चारचौघांत चुकला, तर "हे मी शिकवले" एवढे म्हणा.

एखाद्या संध्याकाळी सर एकटेच असले की जुनी पेटी उघडतात, मला पटावर उलटा ठेवतात आणि दाराकडे पाहत बसतात. माझे डोके आता इतके सपाट झाले आहे, की मी पडत नाही. सरांना बहुधा वाटते, मी क्षमा केली. मी फक्त झिजलो आहे.