सगळ्यांसाठी एकच हुकूम

"नाव दिसतंय," वासुदेव शितोळे स्वतःशीच म्हणाले आणि समोरचा चहा तसाच राहिला.

इंदुरातल्या पलासिया भागातल्या मनोविकारांच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांखालोखाल कॉम्प्युटरचं राज्य होतं आणि त्याखालोखाल बाहेरच्या टेबलावरच्या वासुदेवरावांचं. डॉक्टर श्रेया मॅडमनी सांगितलं होतं, शहरातल्या डॉक्टरांच्या बैठकीसाठी काही केसेस पीडीएफ करून पाठवा, नावं मात्र कुणाचीही नकोत. वासुदेवरावांनी कन्व्हर्टरमध्ये सगळ्या फायलींसाठी मिळून एकच सेटिंग केली: नाव लपवा. मेल गेला. आणि आता पाठवलेलं सहज उघडून बघितलं, तर सगळीकडे नावाच्या जागी काळी पट्टी आणि एका पानावर ठळक अक्षरांत शिखा जगदाळे. खाली तिचं सगळंच. झोप, गोळ्या, मागल्या वर्षीचं हॉस्पिटल.

शिखाचं लग्न ठरलेलं होतं. मेल ज्यांना गेला त्यांत चार डॉक्टर मराठी होते, आणि इंदुरात चार मराठी माणसं म्हणजे चार घरं नसतात, आख्खी बिरादरी असते.

दवाखान्याची मशिनं सांभाळणाऱ्या नीरजला त्यांनी फोन लावला.

"नीरज, तुझं यंत्र बिघडलं. सगळ्यांची नावं लपव म्हटलं, तर एकीचं दाखवलं!"

"उस फाइल में अलग से कुछ डाला था क्या, भिया?"

वासुदेवरावांना आठवलं. विमा कंपनीला नावाशिवाय कागद चालत नाही म्हणून फक्त शिखाच्या फायलीत त्यांनीच कधीतरी घातलं होतं: नाव दाखवा.

"ते जुनं होतं रे! आणि एका फायलीपुरतं. वरचा हुकूम आला की खालचा रद्द."

"उलटं आहे भिया. फायलीची अपनी सेटिंग असली तर तीच चालते. वरचा हुकूम फक्त त्यांना, जिनका अपना कुछ नहीं."

शितोळ्यांच्या चार पिढ्या सरकारांच्या पदरी गेल्या होत्या. वरून हुकूम आला की तोंड मिटायचं, हे त्या घराण्यात शिकवावं लागत नसे. पोरं मिटल्या तोंडानेच जन्मत. यंत्र अशी बेअदबी करेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडमनी ऐकलं, फोनामागून फोन केले, सगळ्यांना मेल डिलीट करायला लावला.

"दोघांनी उघडला होता. ते बोलणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि शिखाला यातलं काही कळता कामा नये. कुणीही सांगायचं नाही. समझे?"

"जी."

"वासुदेवजी, नोकरीचा सवाल आहे. तुमच्या."

"जी," ते पुन्हा म्हणाले.

खुर्चीत येऊन बसल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. ते दोघं बोलले तर? हळदीच्या मांडवात कुणी कानाशी लागलं आणि पोरीला ते तिथे, सगळ्यांदेखत कळलं तर? फोन वाजला तरी वासुदेवराव दचकत, दार वाजलं तरी दचकत. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकले.

संध्याकाळी शिखा आली.

"काय काका, तब्येत बरी नाही का? इथे पेशंट मी आहे बरं!"

ते हसले नाहीत. "बस बेटा," म्हणाले, आणि काय झालं ते सगळं सांगून टाकलं. बाकावरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या हळू, की तिला मधेमधे "काय?" म्हणावं लागलं.

ती आणखी जवळ सरकली.

"कुणी वाचलं?"

त्यांनी दोन्ही नावं सांगितली.

"मॅडमनी सांगायला सांगितलं हे मला?"

"नाही. नको म्हणाल्या."

"मग तुमचं काय?"

"बघू."

"दुसऱ्या कुणी सांगायच्या आत सासरी मीच सांगते मग." शिखा म्हणाली.

आतून मॅडमची घंटी वाजली. दवाखान्यात पेशंटला नंबरानेच बोलवायची शिस्त होती. वासुदेवरावांनी चिठ्ठी बघून तोंड उघडलं.

"नंबर नको काका," ती म्हणाली. "नावानेच बोलवा."

ते उठून उभे राहिले. सदरा खाली ओढून नीट केला.

"शिखा जगदाळे!"

बाकावरच्या माणसांनी माना वर केल्या. आतली घंटी पुन्हा वाजू लागली, लांबच लांब. शिखा उठली, आणि वासुदेवरावांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.