बासचा मोठा डबा

ओमेश डीजेवाला. सौंदडपासून तिरोड्यापर्यंत वराती नाचवून पोट भरणारा माणूस. त्याच्या हिशेबी आवाज म्हणजे छातीतली धडधड, बाकी सगळी किटकिट. नेमकी हीच अक्कल त्याला नडली.

त्याचा बाप शालीकराम, झाडीपट्टीतला गाजलेला नट. मंडईच्या जत्रेतल्या नाटकांत त्याच्या एका वाक्यावर अख्खा मंडप दणाणायचा. आता नजर गेली होती, कान मंद झाले होते, अंग अंथरुणाला लागलं होतं. घरी न्या, सेवा करा, म्हणत डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा म्हाताऱ्यानं एकच मागितलं. माझं नाटक एकदा आयकव. शेवटच्या प्रयोगाचं शूटिंग घरात होतं. मोबाइलवर लावलं तर ऐकू जाईना, आणि कानात काही घातलं की म्हातारा ओरबाडून फेकायचा. मग ओमेशनं नव्या गाडीसाठी जमवलेले सगळे पैसे उचलले आणि होम थिएटर आणायला गोंदिया गाठलं.

दुकानदार चंद्रकुमारनं परोपरीनं समजावलं. बोलणं पुढच्या डब्यांतून येतं, त्यातही मधल्यातून. निम्मे पैसे तिथंच घाला, धडधडीचा बास छोटा चालेल, टीव्ही घरचाच वापरा. पण ऐकेल तो ओमेश कसला! निम्म्याहून जास्त पैसे त्यानं बासच्या मोठ्या डब्यावर उधळले, उरलेल्यातले बरेच मागच्या डब्यांवर, आणि पुढचे तीन सगळ्यांत स्वस्तातले उचलले. अरे बाबा, वरात होती का ती?

घरी सगळं जोडलं. त्याच्या आईनं, शकुंतलाबाईनं, नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं. नाटक सुरू झालं. ढोलकी अशी घुमली की मांडणीवरची भांडी थरथरली. मागून टाळ्या-शिट्ट्या आल्या, म्हातारा हसला. मग बोलणं आलं, आणि पुढच्या डब्यांतून नुसती फरफर. शालीकराम मान वळवून कानोसा घेत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला, बोटं चादर चिवडू लागली.

"लोकं टाळ्या वाजवून राहिले," तो म्हणाला, "मंग मी काऊन चूप आहो? भुललो का?"

भर स्टेजवर वाक्य विसरायचं, याचीच बापानं जन्मभर धास्ती घेतली होती, आणि मरतेवेळी पोटच्या पोरानं तीच त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. ओमेशनं बास बंद केला, बटणं पिळली, तारा उलटसुलट लावल्या. फरफर तशीच. चंद्रकुमारला फोन केला, तर बदलून देतो, परसों आओ, म्हणाला. परवा! इथं म्हाताऱ्याचा श्वास आताच अडखळत होता. आई नवऱ्याची पाठ चोळत होती. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटी तो जमिनीवर पालथा पडला आणि मधल्या डब्याला कान चिकटवला. फरफरीतून एकेक शब्द वेचला, बापाच्या कानाशी गेला आणि ओरडला, "थांब पाटला! या उंबऱ्याच्या आत यायचं तर माझ्या मढ्यावरून यावं लागेल!" त्याला रडू आवरत नव्हतं. पुन्हा डबा, पुन्हा बापाचा कान, पुन्हा ओरडणं.

शालीकरामची बोटं थांबली. त्यानं चाचपत ओमेशचं तोंड शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला. विंगेतून वाक्य पुरवणाऱ्याला दटावावं तसा तो पुटपुटला,

"हळू. पब्लिकले आयकू जाते."

मग त्यानं खाकरून घसा साफ केला आणि पुढचं वाक्य स्वतः म्हटलं.