इसहाक आबांच्या देवळात गिटार

कृपाबाईच्या तोंडी लागू नये, असं आमच्या शिरूरच्या मिशन कंपाउंडात म्हणत्यात, आन् ते काय खोटं न्हाई. मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक करायचा म्हंजी तोंड असावंच लागतं. न्हाईतर पोरी वरण सांडत्यात आन् भाकरी टाकत्यात. माझा शलमोन म्हणायचा, "आई, तुझ्या नावात कृपा हाय तेवढीच, बाकी सगळा दणका हाय." मी लाटणं उगारायची, तो हसत पळायचा.

एकुलता एक व्हता. मागल्या वर्षी, सदुसष्ट साली, दौंडहून येताना जीप उलटली. शलमोन आन् त्याचा दोस्त डेन्झिल दोघंबी जागच्या जागी गेले. हे मी सरळ सांगून टाकते. आडपडद्यानं सांगितलं म्हणून काय ते परत येणार न्हाईत.

तिघं मिळून वाजवायची. शलमोन गिटार, डेन्झिल ड्रम, आन् घोडकाठच्या मळ्यातला बाळासो दुसरी गिटार. आपल्या पार्टीला त्यांनी 'दौंड जंक्शन' नाव ठेवलेलं, कारण दौंडच्या रेल्वे कॉलनीत डेन्झिलच्या घरी त्यांची तालीम चालायची. त्याचा बाप इंजिन ड्रायव्हर. रेडिओवर सिलोन लावून ऐकायची आन् तसं वाजवायची. रॉक म्हणायची त्याला. दोन्ही गिटारी शलमोननं स्वतःच्या हातानं, मिशनच्या सुतारशाळेत सागवानाची फळी कापून केलेल्या. आत करंट घालायचा, मग भोंग्यातून आवाज निघायचा. पहिल्यांदा घरात लावली तवा मी उलथनं टाकून बाहेर पळाले. वाटलं, छप्पर आलं खाली. मग रोजची सवय झाली, आन् पुढं पुढं ते वाजल्याबिगर मला भाकरी थापाय सुचंना.

त्यातली एक चाल शलमोननं स्वतः बांधली व्हती. शब्द न्हाईत, नुसती चाल. आमच्या घोड नदीला पाणी चढतं तशी हळूहळू चढत जाते, म्हणून नाव ठेवलं 'घोड'. ती शलमोनला येत व्हती आन् त्यानं शिकवली म्हणून बाळासोला. तिसऱ्या कुणाला न्हाई.

डेन्झिलला मातीत ठेवला आन् त्याचे आईबाप घरदार आवरून पोरीकडं आस्ट्रेलियाला गेले. त्यांना तरी काय बोल लावू? पण मग इथं त्याचं कोण? माझ्या हातचं पिठलं ओरपून खाणारा पोरगा तो. तवा त्याचीबी आई मीच.

आमच्यात रीत हाय. माणूस जाऊन वर्ष झालं की देवळात स्मरणाची भक्ती व्हते. पाळकसाहेब नाव वाचत्यात आन् गेलेल्याच्या आवडीचं गाणं व्हतं. गाणं कुठलं, ते घरच्यांनी सांगायचं. त्यात कुणी मधी बोलत न्हाई. माझे मालक गेले तवा मी सांगितलेलं गाणं अख्ख्या मंडळीनं म्हणलं व्हतं.

मी गेले पाळकसाहेबांकडं. तिथं इसहाक आबा बसलेले. आबा आमच्या मंडळीचे वडील, म्हंजी कारभारातले पंच, सुतारशाळेचे जुने मास्तर, देवळातली पेटी तेच वाजवत्यात. शलमोनला रंधा धरायला त्यांनीच शिकवला. पण पोरं दौंडला नाताळात साहेबलोकांच्या नाचाला वाजवतात हे कळलं, तवापासून आबांनी त्यांना देवळात वाजवायची बंदी घातली. नाताळच्या गाण्याच्या फेरीतबी घेतलं न्हाई. पोरं दोनदा विनवायला गेली, दोनदा दारातनं परत आली. आबांनी त्यांचं वाजवणं एकदाबी ऐकलं नव्हतं.

"बोला कृपाबाई, कुठलं गाणं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"घोड. बाळासो वाजवंल गिटारीवर."

आबांनी चष्मा काढला. "पुस्तकातलं गाणं सांगा."

"पुस्तकात न्हाई ते. माझ्या पोरानं बांधलंय."

"देवळात नाचाची गाणी व्हणार न्हाईत."

"कोण नाचतंय आबा? मी नाचतेय? पोरगं मेलंय माझं! आवडीचं गाणं घरच्यांनी सांगायचं ही रीत तुमची का माझी? मालकांच्या वेळी चालली, आन् आता मोडायची?"

पाळकसाहेब गरीब माणूस. ते एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा आबांकडं. शेवटी म्हणले, "आबा, रीत तर हाय."

आबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग सावकाश म्हणले, "ठीक. वाजवू दे त्याला. पण देवळाचा करंट मिळायचा न्हाई."

माझं डोकं सणकलं. "घाला तुमचा करंट चुलीत! शब्द देते, तुमच्या करंटाला हातबी लावणार न्हाई. करंटाबिगरच वाजवू." आन् पदर खोचून तरातरा निघाले. जिंकले असंच वाटत व्हतं मला.

दुसऱ्या दिवशी बाळासोच्या मळ्यात गेले. त्याची आई धुरपदा शेवंतीची फुलं खुडत व्हती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली आन् गळ्यात पडली. बाळासो दंडावर पाणी धरत व्हता, तो वर बघंना. त्या दिवशी कांद्याची लागण व्हती म्हणून तो दौंडला गेला नव्हता, म्हणून वाचला. तवापासून गिटार पोत्यात बांधून गोठ्यात टांगलेली.

"मावशी, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," तो म्हणला. "हात धजत न्हाई. ते दोघं गेले आन् मी काय वाजवत बसू?"

"मग काय करणार? आयुष्यभर कांदं लावणार?"

"व्हय."

"लाव. पण ती चाल आता तुझ्याच बोटांत राहिलीय. तू न्हाई वाजवलीस तर शलमोन दुसऱ्यांदा मरंल. आन् ह्या खेपंला जीप तू चालवत असशील."

धुरपदा म्हणली, "अगं बाई, असं नको बोलूस लेकराला!" मलाबी कळत व्हतं जास्त झालं ते. पण तोंडातनं गेलं ते गेलं, आन् माघारी घ्यायची माझी इच्छाबी नव्हती. बाळासोनं खोरं टाकलं आन् बांधावर बसून ढसाढसा रडला. त्याचं रडून झाल्यावर मी म्हणले, "आण आता गिटार."

त्यानं पोतं सोडलं, तारा पिळून सुरात घेतल्या. मग मी करंटाचं सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"मावशी, असं कसं म्हणून बसला तुम्ही? करंटाबिगर ही नुसती फळी हाय."

"फळी म्हंजी?" करंटाबिगर वाजवलेली मी कधी ऐकलीच नव्हती.

त्यानं तार छेडली. मी वाकून ऐकलं. कानाशी डास गुणगुणावा तेवढा आवाज. म्हणजे आबांनी मला पुरतं उल्लू बनवलं, आन् मी आपली आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेऊन ऐटीत घरी गेले!

बाळासो म्हणला, "लग्नातल्या भोंगेवाल्याकडनं बॅटरी आणू. बॅटरी काय देवळाचा करंट न्हाई."

"न्हाई. करंटाबिगर म्हणले मी. पळवाट काढली तर आबा म्हणतील, कृपाबाईनं फसवलं. शलमोनच्या नावावर ते बोलणं नको मला."

"मग ऐकू कुणाला येणार?"

बांधावर बसून मी इचार केला. गिटारीचा आवाज वाढवता येत न्हाई, तर बाकीचा कमी करावा. दुसरं काय?

"लोकांनी गप बसायचं," मी म्हणले. "मी बसवते."

बोर्डिंगातल्या पोरींना मी एका हाकंत गप करते, पण मंडळी म्हंजी पोरी न्हाईत. त्यात आमच्याकडं स्मरणाच्या भक्तीला रडायची चाल. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडत्यात की पाळकाची प्रार्थना बुडून जाते. जो जास्त रडंल त्याची माया जास्त. मी घरोघर फिरले. सांगितलं, "माझ्या शलमोनवर माया असंल तर रडायचं न्हाई. खोकला असंल तर आधीच खोकून या. तान्ही पोरं पाजून आणा." कुणी म्हणलं, कृपाबाईचं डोकं फिरलं. फिरू दे की! येड्यागत का व्हईना, ऐकत व्हती मान्सं.

खरी भीती मार्थाची. माझी नणंद, दौंडला राहते. ती रडाय लागली की मालगाडीची शिट्टी झाकंल. तिला निरोप धाडला न्हाई, स्वतः एस्टीनं गेले. ऐकून ती तिथंच रडाय लागली. म्हणली, "माझ्या भाच्याच्या वर्षाला मी रडू नको? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचं ते म्हणतील. तू रडलीस तर तुझा आवाज ऐकू येईल मार्थे, आन् शलमोनचा न्हाई. बघ तुला कुठला पाहिजे."

तिनं डोळे पुसले आन् मला चहा केला. त्यातबी हुंदके देत व्हती, पण आवाज न काढता. म्हणलं, जमंल हिला.

रविवारी देऊळ भरलं. आमच्यात बाया डावीकडं, बापई उजवीकडं. धुरपदा माझ्या शेजारी बसली, दोघांसाठी शेवंतीचे दोन हार घेऊन. इसहाक आबा पुढं पेटीमागं बसलेले, तोंड वळवून. पाळकसाहेबांनी दोन्ही नावं वाचली. डेन्झिलचं नाव विसरायची त्यांची बिशाद नव्हती, मी दारातच बजावलेलं. नावं ऐकल्यावर मार्थानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बाळासो पुढं स्टुलावर बसला. शेजारी शलमोनचा भोंगा आठवण म्हणून ठेवलेला, वायर गुंडाळून. त्याच्या मागं भिंतीला करंटाचं बटण, हात लांबवला तर लागंल एवढ्यावर. त्यानं बघितलंबी न्हाई तिकडं. सुरू केलं.

पुढल्या दोन बाकांना ऐकू आलं असंल. मला येत व्हतं, पण मधीच रस्त्यावरची बैलगाडी गेली आन् सगळं बुडलं. मागनं कुणीतरी हळूच म्हणलं, "काय बी ऐकू येत न्हाई." मान्सं गप बसवली, पण देऊळ लांब हाय हे मी धरलंच नव्हतं. आता ही सगळी घरी जाऊन म्हणणार, कृपाबाईनं एवढं रान उठवलं आन् निघालं काय, तर काहीच न्हाई.

मी उठले. आबांनी मान वर केली, पण मी त्यांच्याकडं बघितलं न्हाई. मागं तोंड करून म्हणले, "ऐकू येत न्हाई तर पुढं या. बाळासो, पयल्यापासून."

कुणी हलंना. मग मार्था उठली. बोळा तोंडातच, सरळ चालत आली आन् बाळासोच्या पायाशी खाली बसली. तिच्यामागं बाया उठल्या. मग बापईबी उठले. डावी बाजू, उजवी बाजू काही राहिलं न्हाई. बाया, बापई, पोरं एकमेकांना खेटून जमिनीवर बसली. कुणी खोकलं न्हाई, कुणाची बांगडी वाजली न्हाई. आन् चाल चढाय लागली. बारीक व्हती, पण सगळी व्हती. जिथं शलमोन पाय आपटायचा तिथं बाळासोनंबी पाय आपटला. चूल पेटलेली, मी भाकरी थापतेय आन् ओसरीवर पोरगं बसलंय, असंच वाटलं मला. दातावर दात ठेवून बसले.

संपलं. कुणी उठंना.

तेवढ्यात पेटीमागनं आबांचा आवाज आला. "थांब रे."

मी मनात म्हणलं, आता हा माणूस काय काढतोय!

आबा उभे व्हते. चष्मा हातात. "मधी मान्सं आली. मला नीट ऐकू आलं न्हाई," ते म्हणले. "ते बटण दाब. करंट घे आन् पुन्यांदा वाजव."

बाळासो माझ्याकडं बघाय लागला. ह्या एका वाक्यासाठी माझी पोरं दोनदा त्यांच्या दारात गेली व्हती. मी म्हणले, "नको आबा. शब्द दिलाय मी. तुम्हीच जरा जवळ या."

देवळात एवढी शांतता की आबांच्या वहाणांचा आवाज ऐकू आला. मान्सांनी वाट दिली. गुडघ्यावर हात ठेवून म्हातारा खाली बसला, बाळासोच्या पुढ्यात, आन् कान त्या फळीपाशी नेला. त्या फळीला रंधा मारताना शलमोन त्यांच्याच शाळेत उभा व्हता. बाळासोनं परत वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आबा हलले न्हाईत.

मग त्यांनी वर बघितलं, माझ्याकडं. "असं वाजवायचा व्हय आपला शलमोन?"

आपला म्हणले ते. वर्षभर मी त्यांना द्यायची उत्तरं पाठ करून ठेवलेली. त्यातलं एकबी आठवंना.

"व्हय आबा," मी म्हणले, "असंच वाजवायचा." आन् माझा बांध फुटला. सगळ्या गावाला रडायची बंदी घालणारी मी, भर देवळात मोठ्यानं हंबरडा फोडला. धुरपदानं मला धरलं. बाळासोचा हात तारांवर थांबला.

"तू कशाला थांबतोस?" मी रडतारडताच ओरडले. "वाजव!"