पूजेतली बॅटरी

समईत तेल घालायला शैला देवघराशी वाकली आणि बुधली तिच्या हातातच राहिली. सायकलची बॅटरी अजून पाटावरच होती. हळदकुंकू लावलेली, झेंडूचं फूल मिरवत बसलेली. आणि सायकल घेऊन उत्तमराव अर्ध्या तासापूर्वीच बहिणीला दसऱ्याचं सोनं द्यायला मोरव्याला निघाले होते.

चूक तिचीच. सोसायटी खाली चार्जिंग करू देत नाही, म्हणून बॅटरी रोज काढून वर आणायची. तिने सकाळी खाली सायकलला हार घातला, वर बॅटरीची पूजा केली, आणि दोन्हींची गाठ घालून द्यायची मात्र राहून गेली.

उत्तमरावांना स्टेंट बसून आठ महिने झाले होते. सायकल चालवा, पण दम लागेपर्यंत नको, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ही इलेक्ट्रिक. कंपनी एका चार्जिंगमध्ये पस्तीस किलोमीटर म्हणायची. वाटेतला पूल आणि बाबांचं पोट धरून मुलाने, अभिनवने, बावीस ठरवले होते. मोरवा जाऊन-येऊन अठरा. एकदा जरी बाबा वाटेत अडकले तर सायकल विकून टाकायची, असंही त्याने बजावलं होतं. सायकल गेली की हा माणूस पुन्हा खिडकीशी नाडी मोजत बसेल, हे शैलाला ठाऊक होतं.

फोन त्यांनी उचलला नाही. तिने बॅटरी पिशवीत घातली आणि रिक्षा पकडली. वाटेत जिथे पांढरं डोकं दिसेल तिथे ती रिक्षा हळू करायला लावत होती. शेवटी रिक्षावाल्यानेच हिंदीत विचारलं, कोणी हरवलंय का. नवरा, असं तिने सांगितलं. त्यानंतर तोही शोधू लागला.

मोरव्यात आनंदीवन्संच्या ओट्यावर उत्तमराव बसलेले. शर्ट घामाने भिजलेला, पुढ्यात रिकामी बशी आणि चेहरा शर्यत जिंकलेल्या पोरासारखा.

"फोन का नाही उचलला?"

"तू परत बोलावलं असतंस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"खाली गेल्यावरच कळलं. वर येणारच होतो. मग म्हटलं, कोपऱ्यापर्यंत तर बघू." त्यांचा आवाज खाली आला. "दम लागला की थांबायचं ठरवलं होतं गं. पूल तेवढा उतरून ढकलत चढलो. पण दम लागलाच नाही."

शैलाला हसू आणि रडू एकदमच आलं. काय आधी करावं ते न कळून तिने पदराने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला.

ऊन कललं तसे दोघे निघाले. उत्तमरावांनी पिशवीकडे हात केला. शैलाने ती काखेत घट्ट धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "उत्तरपूजा व्हायचीय अजून. पूजेतली वस्तू हलवत नाहीत."

आणि बॅटरी मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली, सायकलच्या मागे मागे सावकाश चालव म्हणून रिक्षावाल्याला सांगत.